बशीर सरांची दुरुस्ती

आमच्या मालेगावात बशीर सरांसमोर कुणी चहाडी करत नाही. करून उपयोग नसतो. "अमक्याची सून भांडून माहेरी गेली," असं कुणी म्हणालं, की सर चष्मा कपाळावर ढकलणार आणि विचारणार, "तू सोता ऐकलं का? सुनेचं बयान कुठाय? मूळ पुरावा दाखव!" त्यांच्यामुळे आमच्या गल्लीतल्या निम्म्या बातम्या जन्मायच्या आधीच मेल्या.

सर इतिहासाचे निवृत्त मास्तर, मी त्यांचा शेजारी. अमेरिकेतली गुलामी संपवणारा तो उंच, दाढीवाला राष्ट्राध्यक्ष त्यांचा भारी लाडका. त्याचा धडा शिकवताना सर टेबलावर अशी मूठ आपटत, की शेजारच्या वर्गातलं गणित चुकायचं.

मागच्या उन्हाळ्यात दूर दिलेल्या मुलीनं त्यांना टॅब पाठवला. त्यावर या राष्ट्राध्यक्षाची भाषणं, पत्रं, सगळं मुळातलं सापडलं. सर डिक्शनरी घेऊन बसले. एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "अबे इकडं ये! हा मानूस काय बोलून राह्यला, पाह्य!"

गुलामी हा अन्याय आहे, असं तो सुरुवातीपासून म्हणत होता. पण एका भाषणात काळ्या-गोऱ्यांची बरोबरी मात्र त्याला नको होती. एका पत्रात तर देश एकसंध राहणं आधी, गुलामांची सुटका नंतर. सरांचं जेवणावरून मन उडालं. मग शेवटचं भाषण हाती लागलं. त्यात तो काही काळ्या लोकांना मताचा हक्क मिळावा म्हणत होता. सर खुर्चीतून उठलेच.

"मानूस बदलत गेला, बाप्पा! अन मी पोराइले तयार पुतळा देऊन टाकला!"

दुसऱ्याच दिवशी स्कूटर निघाली. मागे मी. जुन्या विद्यार्थ्यांना गाठून धडा दुरुस्त करायचा होता. शिरपूरचा औषधवाला ऐकून म्हणाला, "सर, तो मानूस मले आठवत नाई. तुमची छडी तेवढी आठवते."

"छडी बरोबर होती," सर म्हणाले. "धडा अर्धा होता."

असे ते गावोगाव फिरले. प्रत्येक घरी चहा, पोरांची चौकशी, मग धडा. सरांची बायको, आमची चाची, वारल्यापासून त्यांच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. परत आलो, की दारापाशी स्कूटर बंद न करताच विचारत, "उद्या कोनाकडं जाऊ?"

परवा रिठदला सुनील या जुन्या विद्यार्थ्याच्या अंगणात पोचताच त्यांनी सुरुवात केली. सुनीलनं हात जोडून सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाला, "सर, हे तुमी मागच्या महिन्यातच एकटे येऊन सांगून गेल्ते."

सर पायरीवर टेकले. "हो का? मंग आज मी कायले आलो?"

सुनीलची बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"कायले म्हंजे? जेवाले आले ना तुमी! घ्या, हात धुवा."

सरांनी मुकाट्यानं दोन्ही हात पुढे केले.