बगळेअण्णा आणि सहा पायांचा राक्षस

एका जंगलात जो गोंधळ झाला, त्यात चूक सगळी बगळेअण्णांची होती. मुलांनो, हे आधीच सांगितलेलं बरं. मोठ्यांची चूक शेवटी सांगायची ठेवली, तर तोवर ती कुणातरी लहानाच्या नावावर जाते.

अण्णा फोटो स्पर्धेचे कायमचे परीक्षक. एका पायावर उभे राहतात म्हणजे विचार करतात, असा जंगलाचा समज होता. फोटोतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. भाषण मात्र फार येत होतं. परीक्षकाची खुर्ची होती म्हणून भाषण होतं. नाहीतर अण्णांना कुणी तळ्यातल्या वाळक्या काठीपेक्षा जास्त मोजलं नसतं.

त्या वर्षी झिपरी नावाच्या खारीने मॅक्रो लेन्स आणली आणि हिंग्या भुंगेऱ्याचा फोटो काढला. हिंग्या केवढा? तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा. फोटोत मात्र डोळे घागरीएवढे, मिशा वेताच्या छड्यांसारख्या आणि जबडा असा, की बघून झिपरी स्वतःच फांदीवरून पडली. हसत हसत परत वर चढली. किडा केवढा ते कळावं म्हणून तिने शेजारी तांदळाचा एक दाणा ठेवला होता.

"हा कचरा कशाला?" अण्णांनी विचारलं.

"मापासाठी, अण्णा. नाहीतर कळणार कसं, किडा आहे की हत्ती?"

"आमच्या काळी फोटोत दाणे नव्हते. काढ तो."

"पण अण्णा..."

"परवा डोळे उघडलेस तू, आणि मला शिकवतेस?"

झिपरीने दाणा उचलला, खाल्ला आणि पुन्हा फोटो काढला. तो पहिला आला. वडाच्या बुंध्याएवढा करून वडालाच टांगला.

सकाळी वाघमहाराज फिरायला निघाले. फोटो बघितला आणि तडक करवंदीच्या जाळीत शिरले.

"कोण आहे हा?" जाळीतून आवाज आला. "माझ्या जंगलात? मला न विचारता?"

"भुंगेरा आहे, महाराज," झिपरी म्हणाली. "नखाएवढा..."

"गप! मोठ्यांच्या मध्ये बोलू नये!" जमलेली सगळी म्हातारी जनावरं एकदम खेकसली.

अण्णांना एवढंच म्हणायचं होतं, की मला माहीत नाही. पण तसं म्हटलं की खुर्ची गेली. त्यांनी मान ताणली.

"महाराज, हा डोंगरापलीकडचा राक्षस. न्याहारीला हत्ती लागतो. आमचा जुना घरोबा आहे."

"वा! मग तुम्हीच जाऊन त्याला परत पाठवा. नाही जमलं तर खुर्ची सोडा."

अण्णा माळावर जाऊन उभे राहिले. राक्षस येईना. ऊन चढलं. बगळ्याच्या पोटात कावळे ओरडू लागले. तेवढ्यात पायाशी हिंग्या तुरुतुरु आला.

"अण्णा! माझा फोटो पहिला आला म्हणे! थँक्यू हां..."

गट्टम.

मुलांनो, हिंग्याच्या जातीच्या भुंगेऱ्याच्या अंगात असा रस असतो, की नुसता कातडीला लागला तरी फोड येतात. अण्णांच्या तर घशालाच लागला. ते एका पायावर नाचले, दोन्ही पायांवर नाचले, मग चोच चिखलात खुपसून पाय वर करून नाचले. शेवटी असे खोकले, की हिंग्या बाहेर येऊन पडला.

"फोटो आवडला नाही तर तसं सांगायचं," मिशा पुसत हिंग्या म्हणाला. "गिळता काय?"

अण्णा परतले.

"गेला राक्षस?" जाळीतून महाराजांनी विचारलं.

अण्णांनी चोच उघडली. आवाज नाही. त्यांनी नुसतीच मान डोलावली.

"बघा, कसला विनय!" म्हातारी जनावरं म्हणाली. "एवढा पराक्रम केला, पण एक शब्द नाही तोंडातून!"

खुर्ची राहिली. वर सत्कार झाला. भाषणासाठी अण्णा उभे राहिले, त्यांनी चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. झिपरी हसून हसून पुन्हा फांदीवरून पडली. बाकीचे जेवायला गेले.

तात्पर्य: ज्यातलं कळत नाही, त्यात छातीठोक मत द्यावं. वयाकडे बघून सगळे मान देतात, खुर्ची टिकते, शालही मिळते. अण्णांचा आवाज गेला. तो परत आला नाही.