किसनभाऊजींचा ताजा रेडिओ

गाडीत आम्ही चौघं व्हतो. हाकायला माझा पुतण्या सुभाष, मागं त्याची बायको कमल आन् मी, आन् पुढं सुभाषचा बाप, म्हंजी माझे दीर किसनभाऊजी. भाऊजींच्या मांडीवर त्यांचा जुना रेडिओ व्हता. त्याला बी पट्टा लाव म्हून त्यांनी सुभाषला दोनदा सांगितलं.

तुम्ही म्हनाल, नव्या गाडीत रेडिओ नव्हता का? व्हता की. सुभाषची गाडी विजेवरची. तिच्यात पाटाएवढा काचंचा पडदा हाय, बोट लावलं की देशोदेशीची गाणी. भाऊजींनी पहिल्याच दिवशी वाकून बघितलं आन् इचारलं, "काटा कुठंय?"

"काटा नसतोय आप्पा. नाव सांगा, लागतंय."

"काटा न्हाई, खरखर न्हाई. मंग रेडिओ कसला?" आन् पडद्यावर आपली टोपी अडकवून मोकळे झाले.

रेडिओचा नाद तसा जुना, पण वरीसभरात लईच वाढला. दुपारची जुनी गाणी चुकवायची न्हाईत. माझ्या मालकाच्या तेराव्याला पंगत बसली, तवा बी हे गोठ्यात जाऊन गाणी ऐकून आले. राग लई आला. बोलून माणूस माघारी येतंय का?

त्या दिवशी आम्ही निमोण्यावरनं दौंडला निघालो व्हतो, पारूला बघायला. पारू भाऊजींची बायको, माझी धाकली जाऊ. वरीस झालं, तिला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखाना जवळ म्हून लेकीकडं, सुनीताकडं, ठिवलीय. भाऊजींची जनावरं हिकडं, म्हून ते हिकडं. दुष्काळात पारूनं आन् म्या एका पाटीनं खडी वाहिलीय. हाताला फोड आले तर ती माझं फडकं बांधायची, मी तिचं. आता तिला घास दुसऱ्यानं भरवायचा. बघवत न्हाई, पण जायचं.

वाटंतलं न्हावरं गाव मागं पडलं तसा भाऊजींनी रेडिओ लावला. नुसतं घूंऽऽ. ही गाडी चालू असली की तिच्या विजेनं जुना रेडिओ घुमतोय, माणसाचा आवाज येतच न्हाई.

"सुभाष, थांबीव. बंद कर गाडी."

"आप्पा, मला पाळीला जायचंय कंपनीत. हेच स्टेशन इंटरनेटवर लावतो, ऐका." त्यानं टोपी काढून लावलं. काय गोड आवाज!

"शिळं हाय," भाऊजी म्हनाले.

"शिळं?"

"ह्याच्यात गाणं मागनं येतंय. माझ्यात संपलं तरी ह्याच्यात कडवं चालूच. घरी मोबाईल आन् रेडिओ शेजारी ठिवून बघितलंय म्या. ताजं पायजे."

कमल फिसकन हसली. "मामा, गाणीच तुमच्या लग्नाआधीची. त्यात ताजं काय?"

सुभाष म्हनला, "परदेशात तर गाडीतला रेडिओ उपग्रहावरनं येतोय, आप्पा."

"मंग तर आनखी लांबनं यायचं. आंबूनच पोचंल." पण हसले न्हाईत. "थांबीव रं बाबा. तिकडं घोटाळा व्हईल."

कसला घोटाळा, ते सांगंनात. सुभाषनं उसाच्या कडंला गाडी बंद केली. गारवा बी बंद. आम्ही घामानं निथळतोय आन् हे डोळं मिटून गाणी ऐकत्यात. मनात म्हनलं, म्हाताऱ्याला बायकोपरीस रेडिओ जवळचा.

शेवटचं गाणं संपलं. तेवढ्यात भाऊजींचा फोन एकदा वाजला आन् कट झाला. त्यांनी बी उलटा फोन लावला, वाजू दिला, कट केला. "चला."

"कुणाचा हो, मामा?"

"हाय एक."

कमलनं मला कोपर मारलं. "आत्या, मामांचं कायतरी हाय बरं का."

दौंडला पोचलो तर सुनीता दारातच म्हनली, "आज टायमात झालं बाई. आई जेवली."

"कशाचं टायमात?"

मंग तिनं सांगितलं. पारूच्या उशाला बी रेडिओ असतोय. फोनवर बोलायला गेलं तर तिला शब्द येत न्हाईत, रडती. म्हून दोघांनी असं ठरवलं. गाणी संपली की पारू डाव्या बोटानं मिसकॉल देती, तिकडनं भाऊजींचा उलटा आला की घास घेती. मधी भाऊजींचा रेडिओ बिघडला, तवा त्यांनी मोबाईलवर गाणी लावली. पारूचा मिसकॉल गेला तवा त्यांचं गाणं चालूच. गाणं चालू म्हंजी पारूचा फोन नसंल म्हून त्यांनी बघितलाच न्हाई. हिकडं पारूनं ताट लोटलं. दिसभर पाणी बी घेतलं न्हाई.

कमलनं चपला काढल्या. मी बी.

आत भाऊजी पलंगाच्या डाव्या बाजूला बसले व्हते. "दुसरं गाणं आवडलं का गं?"

पारूनं मान हलवली, न्हाई म्हून.

"मला बी न्हाई. लई रडकं व्हतं."

आता आम्ही दर आठवड्याला जातो. सुभाष न सांगता गाडी थांबवतोय. म्हून वाचणाऱ्याला एवढंच सांगणं हाय. न्हावऱ्याच्या पुढं, दुपारच्या टायमाला, उसाच्या कडंला पांढरी गाडी बंद करून उभी दिसली, तर चार्जिंग संपलं का म्हून इचारायला काच वाजवू नका. तुमचं मन चांगलं असतंय, ठावं हाय. पण गाणं संपू द्या.