एक थेंबही बाहेर नाही

मानपत्र टांगायला पंपवाल्याच्या बायकोने मागच्या भिंतीत खिळा ठोकला, आणि खिळ्याच्या कडेने पाणी आलं. तेही काळंकुट्ट. ओघळत ओघळत ते चौकटीच्या काचेवर उतरलं.

"अहो, इकडे या! तुमचं मानपत्र रडतंय."

पंपवाला हातातला घास तसाच ठेवून आला. 'खाणीतील गढूळ पाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडल्याबद्दल' हा गौरव होता. त्यातला 'थेंबही' आता काळा पडत होता.

"रडू दे," खाटेवरून म्हातारी आई म्हणाली. तिचे पाय गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. "घरात एकाला तरी लाज वाटतेय."

आता हा गौरव त्याच्या गळ्यात कसा पडला, ते ऐका. कोळशाच्या ढिगांवरून पावसाचं पाणी काळं होऊन धावतं. त्याला थोपवायला खाणीने ओळीने तीन तळी खणली होती. गाळ पहिल्यात बसायचा, उरलासुरला दुसऱ्यात, आणि तिसऱ्यातलं निवळ पाणी पंपाने ओढ्यात सोडायचं. पहिल्या तळ्याच्या बांधाला पाठ टेकून कामगारांच्या घरांची रांग होती. एकदा आईला औषध द्यायच्या घाईत पंपवाल्याने पाइपाचं तोंड ओढ्याऐवजी पहिल्या तळ्याकडेच ठेवलं आणि पंप चालू करून तो घरी पळाला. नेमके त्याच दिवशी तपासनीस आले. हातात काचेची बाटली, पण ती भरायला ओढ्याच्या तोंडाशी पाणीच नाही.

"मॅनेजर, तुमचं पाणी कुठंय?"

पाणी कुठंय हे मॅनेजरला ठाऊक नव्हतं; पण ठाऊक नाही म्हणून गप्प बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. "आम्ही सोडतच नाही, साहेब. एक थेंबही नाही."

तपासनीसांना गहिवरून आलं. अशी खाण त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

पंपवाला धावत आला. "साहेब, चूक झाली माझी. आत्ता पाइप फिरवतो."

"पाइपाला हात लावलास तर याद राख!" मॅनेजर म्हणाला. "ही चूक नाही. ही आपली पद्धत आहे."

देवाने पाण्याला एकच गोष्ट शिकवली आहे, खाली जायची. मॅनेजरने त्याला गोल फिरायला शिकवलं. तेच पाणी पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि पुन्हा पहिल्यात. वरून नवा पाऊस, खालून चढता गाळ. तळी भरली तसा बांध चढवला. पुन्हा भरली, पुन्हा चढवला. होता होता बांध घरांच्या कौलांच्याही वर गेला. धुतलेले कपडे वाळेनात. म्हातारी रोज विचारी, "अरे, सूर्याची बदली झाली का?"

पंप सांभाळतो म्हणून या पद्धतीचं मानपत्र कंपनीने पंपवाल्याच्या नावाने काढलं. आणि आज, ते टांगताना, भिंत पाझरली. पंपवाला मॅनेजरकडे गेला.

"साहेब, बांध पाझरतोय. माझ्या घरात पाणी येतंय."

मॅनेजरचा चेहरा पडला. "म्हणजे थेंब बाहेर आला?"

"थेंब? साहेब, घागर भरली."

"मग ती घागर परत तळ्यात ओत! बाहेर सांडलीस तर मानपत्राचं काय?"

दुसऱ्या दिवसापासून रांगेतल्या बायका घरात साठलेलं काळं पाणी कमरेवर घेऊन बांध चढू लागल्या आणि वर जाऊन ओतू लागल्या. ते पाझरून त्यांच्या आधीच घरी पोचायचं.

"ओळखीचं झालंय हो आता," पंपवाल्याची बायको म्हणाली. हसायला गेली, पण हसू ओठांवरच राहिलं.

मग पाऊस असा लागला, की थांबायचं नाव घेईना. भरदुपारी अंधारलं. भिंतीला पोट आलं. खिळ्याशेजारून बोटभर धार उडाली आणि म्हातारीच्या पांघरुणावर पडली.

"अगं, आईला उचल! शेजाऱ्यांना हाका मार!"

"मला कुठं नेता? आधी ते वरचं पाणी उतरवा," म्हातारी ओरडली. "मी काय, देवाघरी जायला तयारच आहे. पण चिखल खाऊन नाही जाणार!"

पंपवाला बांधावर धावला. पंपाचं तोंड त्याने थेट पहिल्या तळ्यात बुडवलं, पाइप ओढ्याकडे फिरवला, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. ओढा काळा झाला. संध्याकाळपर्यंत मासे पांढरी पोटं वर करून वाहत गेले. खालच्या वस्तीतल्या बाया ओढ्याकाठी येऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागल्या. त्याने पंप बंद केला नाही. मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

उघडीप पडल्यावर ऑफिसचा शिपाई दारात आला.

"वहिनी, यांना कामावरून काढलंय. घरही खाली करायचंय. आणि..." तो चुळबुळला, "मानपत्र परत मागितलंय."

"न्या की."

"खिळासुद्धा. कंपनीचा आहे म्हणे."

त्याने पकडीत खिळा धरला. घरातले सगळे आपोआप मागे सरकले. बायकोने सवयीने घागर पुढे केली. म्हातारीने डोळे मिटून हात जोडले. खिळा कुरकुरला, हलला, निघाला.

सगळे त्या भोकाकडे बघत राहिले.

एक थेंबही आला नाही.