माडावरची बाळंतीण

दारच्या ठेंगण्या माडावर माव्याची कीड पडली होती. त्यातल्या एकीचे दिवस भरले, तेव्हा तिने रत्नप्रभा आचरेकरांना बोलावणं पाठवलं. निरोप मुंगीने आणला. रत्नप्रभाबाईंनी सरकारी दवाखान्यात उभा जन्म बाळंतपणं केली होती. त्यांनी हात धुतले, पदर खोचला आणि शिडी लावली.

"वहिनी, मी फवारायला आलोय," दीर दत्ताराम पंप सावरत म्हणाला. माडाला फुलोऱ्याची पहिलीच पोय आली होती आणि ती सुकत चालली होती. खालची पानं चिकट रसाने माखून त्यांवर काजळी धरली होती.

"एक अडलीय, भाऊजी. थांबा जरा."

दत्तारामने पंप खाली ठेवला.

बाळंतीण पानाच्या पाठीशी बसली होती. काळी, वाटोळी, कडेने पांढऱ्या मेणाची झालर. सोंड पानात खोल रुतलेली.

"सोंड काढून नीट बसा."

"नाही हो निघत, बाई. आमचं सगळं एका जागी."

"मूळच्या कुठल्या?"

"ते कोणालाच ठाऊक नाही. इथे आलो ते नर्सरीतल्या शोभेच्या झाडावर बसून."

"आणि घरधनी?"

"आमच्यात नसतात."

नवरा फिरकलाच नाही अशी बाळंतपणं बाईंनी पुष्कळ केली होती. नवराच नाही, असं हे पहिलं. त्या आणखी जवळ सरकल्या. मूल पायांकडून आलं.

"पायाळू आहे."

"आमच्यात सगळ्याच पायाळू."

बाईंनी सवयीने मुलीच्या पोटावर बोट ठेवलं आणि चष्मा पुसला. "अहो, हिलाही दिवस गेलेत!"

"हो. आणि आतलीलाही."

"वहिनी, झालं का?" खालून दत्तारामने विचारलं.

"झालं. मुलगी."

"मग सव्वा महिना फवारता यायचं नाही."

"त्याच्या आत ही मुलगी बाळंत होईल. मग तिची मुलगी."

दत्तारामने बोटांवर हिशोब केला. "म्हणजे कधीच नाही," तो म्हणाला आणि पंप पडवीत ठेवून आला.

बाईंना माडाचं वाईट वाटलं. पोय त्यांच्या डोळ्यांदेखत गळून पडली. पण शेजारच्या पातीवर एका थोरल्या मुलीच्या पाठीवर काहीतरी उलगडत होतं, आणि त्यांना खाली उतरवेना.

"हिला पंख कसे?"

"दाटी झाली की एखादीला फुटतात. मला काळजीच वाटते तिची. कुठे जाईल?"

तेवढ्यात वारा सुटला आणि ती उडाली. खाडीपलीकडे पोफळीच्या बागा हिरव्यागार उभ्या होत्या. बाई टाचा उंचावून बघत राहिल्या.

"पोचली का?" बाळंतिणीला मान वळवता येत नव्हती.

"पोचली," बाई म्हणाल्या.

बारशाला दत्तारामने खोबऱ्याची वडी केली. तोवर झालेल्या एवढ्या मुलींना नावं कुठून आणायची, असा प्रश्न निघाला.

"एकच पुरे. आम्ही सगळ्या एकीसारखी एक," बाळंतीण म्हणाली. "तुमचंच द्या."

बाईंनी दिलं.

तिन्हीसांजेला शेजारच्या आवाठातल्या, पलीकडच्या घरच्या काकींनी कुंपणावरून हाक मारली, "रत्नप्रभाऽऽ!"

सगळ्या माडाने ओ दिली. थोड्या वेळाने खाडीपलीकडूनही एक आली.