समुद्राला कुलूप

सोमशेखरनं आईची बाज खिडकीपासून हलवायचं ठरवलं, एवढंच खरं म्हणजे झालं होतं. बाकीचं सगळं त्या बाजेच्या मागून आलं.

सावित्रम्मांची बाज हॉलमध्ये, खिडकीला लागून. पडल्या पडल्या त्यांना रस्ता दिसायचा, भाजीवाली दिसायची, कुणाच्या दारात कोण उतरलं ते कळायचं. म्हातारपणी माणसाला आणखी काय लागतं? पण लेकानं मोबाईलवर कुणाच्या तरी बंगल्यातला काचेतला समुद्र पाहिला. रंगीत मासे, फुलासारखी उमललेली प्रवाळं. आपल्या हॉलमध्ये नेमकं हेच कमी आहे, असं त्याला वाटायला लागलं.

"मग मी कुटं पडू?" आईनं विचारलं.

"मागच्या खोलीत. तिथं गारवा असतो."

मागच्या खोलीत पाण्याचे ड्रम होते आणि एक भिंत होती. सावित्रम्मा भिंत बघत पडायला गेल्या.

आता सोलापुरात नळाला पाणी येतं ते आपल्या मर्जीनं. आलं की बाया घरातला तांब्यासुद्धा भरून ठेवतात. अशा गावात समुद्र पाळायचा तर माणूस शहाणा हवा. सोमशेखर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल रंगवायच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. (शहाणा असल्याचं तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे दुसऱ्या कुणावर ती वेळ आली नाही.)

काचेची पेटी आली, पुण्याहून समुद्राचं मीठ आलं, पांढऱ्या पट्ट्यांचे नारिंगी मासे आले, प्रवाळं आली. समोर बसून बघायला नवा सोफा आला. काही दिवस दृष्ट काढावी असं दिसलं. मग काचेवर शेवाळ धरलं, खडकांना तपकिरी केस फुटले आणि प्रवाळं रुसून तोंड मिटून बसली.

पुण्याच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, पाण्यात फॉस्फेट वाढलंय, शेवाळ त्याच्यावरच पोसतं. त्यानं तपासायचं किट पाठवलं. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. जितका निळा रंग, तितकं फॉस्फेट. नळी निळी झाली. त्या दिवसापासून घरात हा एकच शब्द. उदबत्ती बंद, फॉस्फेट. फरशीला फिनेल बंद, फॉस्फेट. पाहुण्यांनी पेटीजवळ शिंकायचं नाही, फॉस्फेट. जास्तीचं खाणं कुजलं की ते वाढतं, असंही दुकानदार म्हणाला होता. सोमशेखरनं फोन ठेवला आणि तडक मागच्या खोलीत गेला.

कारण सावित्रम्मा जन्मभर सिद्धेश्वराच्या तळ्यात कणकेच्या गोळ्या टाकत आलेल्या. देवाचं दर्शन घ्यायचं, माशांना घास घालायचा, मग घरी येऊन आपण जेवायचं, ही त्यांची रीत.

"आई, माशांना काय घातलंस?"

"कडक भाकरीचा चुरा. एकदाच. उपाशी तोंडानं बघत व्हते की माझ्याकडं."

"मासे सगळ्यांकडं तसंच बघतात."

"मग सगळ्यांनीच घालाया पायजे."

सोमशेखरनं पेटीला झाकण बसवून घेतलं, झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. त्याची बायको महादेवी एवढंच म्हणाली की, चुरा पडला एकदा, मग नळी सारखी निळी कशानं होतेय? तिला उत्तर मिळालं की हे रसायनाचं काम आहे, पोळ्यांचं नाही.

दुकानदारानं आरओचं पाणी वापरा म्हणून बजावलं होतं. सोमशेखर हसला. कारखान्यात बॉयलरशेजारच्या टाकीत क्षार काढलेलं पाणी तयार असायचं. जे पाणी एवढ्या मोठ्या बॉयलरला मानवतं, ते बोटाएवढ्या माशाला मानवणार नाही? तो स्कूटरवरून कॅन भरभरून आणायचा. नळी निळी झाली की पाणी बदलायचा. आणखी निळी झाली की आणखी बदलायचा. पुण्याहून फॉस्फेट शोषणारे दाणे मागवले. त्यांनी रंग जरा उतरला, की त्या आनंदात तो पुन्हा पाणी बदलायचा.

असंच एकदा महादेवीचा भाऊ चनमल्लप्पा अक्कलकोटहून आला. पेटीसमोर उभा राहून त्यानं बराच वेळ आत पाहिलं.

"दाजी, लई झ्याक. ह्यात म्हशी कधी सोडायच्या?"

सोमशेखरच्या कानशिलापर्यंत आग गेली. सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला, सगळे पाहुणे जमतील तोवर पाणी आरशासारखं झालं नाही, तर आईची बाज मी स्वतः उचलून खिडकीशी टाकीन, असं तो सगळ्यांसमोर बोलून बसला.

मागच्या खोलीतून आवाज आला, "गड्डा कधी हाय रं ह्या वर्षी?"

गड्डा संक्रांतीला असतो, हे सावित्रम्मांना पाळण्यात असल्यापासून माहीत होतं.

जत्रा जवळ आली. सोमशेखरनं ठरवलं की दोष घरातल्यांचा आहे, पाण्याचा नाही, हे एकदा सिद्ध करून टाकावं. तो किट घेऊन कारखान्यात गेला. मालक होते, बॉयलरवाला रुद्रप्पा होता. निर्मळ पाणी कसं असतं ते बघून घ्या, असं म्हणून त्यानं टाकीतलं पाणी नळीत घेतलं आणि थेंब टाकले.

नळी अशी निळी झाली की त्यात टॉवेल बुडवला असता तर पक्का रंग बसला असता.

त्यानं नळी धुतली, पुन्हा थेंब टाकले. रंग आणखीच खुलला. मालक मात्र खूश झाले.

"म्हणजे औषध बरोबर पडतंय की टाकीत."

"कसलं औषध?"

"अरे, बॉयलरच्या नळ्यांत पापुद्रा धरू नये म्हणून फॉस्फेट टाकायचं तूच तर सुचवलंस. दसऱ्याला शाल नाही का घातली तुला?"

रुद्रप्पा सभ्य माणूस. तो धुराड्याकडं बघत राहिला. फॉस्फेट घालवायला सोमशेखर कॅननं फॉस्फेट ओतत होता, आणि हे जगात सगळ्यात आधी त्यालाच कळायला हवं होतं. (माशांच्या अंगावर पापुद्रा मात्र धरला नव्हता, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.) मालकांना किट फार आवडलं. त्यांनी ते कारखान्यासाठी ठेवून घेतलं.

घरी येऊन तो म्हणाला, पाण्यात थोडा दोष होता. बाकीचं महादेवीनं रुद्रप्पाच्या बायकोकडून काढून घेतलं. मग आरओ आला. त्यातून वाया जाणाऱ्या पाण्यावर ती भांडी घासायला लागली. शेवाळ हटायला लागलं, पण गड्डा त्याच्या आधी आला.

चनमल्लप्पा खास बघायला हजर होता. सोमशेखरनं बाज उचलली. भरलेली पेटी काही हलेना, म्हणून सोफा मागच्या खोलीत गेला आणि समुद्र सावित्रम्मांच्या उशाशी आला. त्यांनी हात पुढं करून किल्ली मागून घेतली आणि कनवटीला खोवली. दुकानदारानं सांगितली तेवढीच चिमूट त्या घालत, त्यावर कण नाही. पुढं पाणी निवळलं, प्रवाळं उमलली, आणि गल्लीतल्या बाया रस्ता सोडून आत बघायला लागल्या.

त्यातल्या एकीनं विचारलं, "अव्वा, माशांना कुलूप कशाला? पळून जात्यात व्हय?"

मागच्या खोलीत सोमशेखर सोफ्यावर बसून भिंत बघत होता. त्याला सगळं ऐकू जात होतं.

"माशांना न्हाय गं," सावित्रम्मा म्हणाल्या. "आमचा सोमू अजून पाणी बदलाया बघतो."