शिवण आत

"दवाखान्यात जाईन, पण बाबा हात धरून बसणार असतील तरच. नाहीतर घरीच होऊ दे बाळंतपण," मुलीने सासरी बजावलं होतं. तिची आई साथीच्या पहिल्या लाटेत याच दवाखान्यात वारली, एकटीच. तेव्हा आत कुणालाच सोडत नसत. आता सोबतीला एकाला सोडत होते. जावई तसाही तापाने घरात कोंडलेला. तिचा बाप, शिंपी, आला.

सिस्टरने डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पांढरा सूट दिला. शिंप्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"सिस्टर, हा उलटा आहे. शिवण बाहेर आलीय."

"तसाच असतो तो, आजोबा. घाला लवकर."

"जन्म गेला माझा शिलाईत. शिवण दाखवत नाही फिरणार मी."

ती वळताच त्याने सूट उलटवला. पाठीवर चारचा आकडा होता. धोब्याची खूण असेल, असं समजून त्याने तोही आत घातला. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरली होती.

दारातल्या दुसऱ्या सिस्टरने कोरी पाठ पाहिली. "पाच नंबर खाटेची सोबत यायचीय. तुम्हीच ना? चला."

तो चाचपडत पडद्याआड गेला, हात शोधला आणि घट्ट धरला.

"आत्ता आलात? कुठे उलथला होतात?" ती कण्हत ओरडली.

वेदनेत आवाज बदलतो, त्याने मनाची समजूत घातली. आईवरच गेलीय.

"तुमच्या आईला सांगा, पुढचं पोर तिनेच काढावं!"

त्याची आई जाऊन जमाना झाला होता. तो दचकून उठला.

"हललात तर बघा!" तिने नखं रुतवली. तो खाली बसला. तेवढ्यात पलीकडच्या पडद्याआड बाळ रडलं. त्याने हात ओढून पाहिला, सुटेना.

तिची सुटका झाली तेव्हा कुठे तो पलीकडे धावला. तिथून पाठीवर पाचचा आकडा असलेला एक उंच सूट डोळे पुसत बाहेर पडत होता. पाचवालीचा नवरा तो; उशिरा आला, तेव्हा पाचपाशी माणूस बसलेला पाहून सिस्टरने त्याला चारवर पिटाळला होता.

"चुकलो गं पोरी. तुला एकटीला टाकलं."

"एकटी कुठे? होतं की कुणीतरी. तुम्ही नाही, हे लगेच कळलं. अंगठ्याला कात्रीचा घट्टा नव्हता."

"मग हात सोडला का नाहीस?"

"सोडवेना, बाबा."

शिंपी चष्मा पुसत राहिला. बाहेर येऊन त्याने सूट देणाऱ्या सिस्टरला विचारलं, "तेव्हा, पहिल्या लाटेत, असं चुकून कुणी बसायचं का हो? दुसऱ्याच्या माणसापाशी?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या सुटाकडे.

"बसायचो की, आजोबा," ती म्हणाली. "आम्हीच बसायचो."

त्याने सूट काढला, शिवण बाहेर घेतली आणि नीट घडी घालून तिच्या हातात दिला.