आठवा गडी

"दोन मिनिटांचं काम आहे, मामाजी," असं रेणू सासऱ्यांना, सेवकरामजींना म्हणाली, तिथेच तिचं चुकलं. फुलचूरला तिचं स्वतःचं झेरॉक्स आणि स्कॅनिंगचं दुकान होतं, पण त्यांनी ट्रंकेतून काढून दिलेला फोटो चांगला दोन फूट लांब होता. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या गावाने कबड्डीत कामठ्याला हरवून ढाल जिंकली, तेव्हाचा. सात गडी एका रांगेत, सगळ्यांच्या अंगात आडव्या पट्ट्यांचं बनियन, सगळ्यांना सारख्याच मिशा. मधोमध कप्तान सेवकराम.

"नव्या मैदानाचं उद्घाटन आहे. दहा फुटाचा फ्लेक्स पाह्यजे," ते म्हणाले. "केशोराव पाहुणा म्हणून येऊन राहिला. त्याले लांबून दिसला पाह्यजे."

केशोराव म्हणजे हरलेल्या संघाचे कप्तान.

स्कॅनर लहान, म्हणून रेणूने फोटो सरकवत सरकवत तीन वेळा स्कॅन केला. प्रत्येक तुकड्यात शेजारच्या तुकड्याचा थोडा भाग येऊ दिला. तेवढा भाग एकावर एक बरोबर बसवला की सांधा दिसत नाही. पहिल्या तुकड्याच्या शेवटी छोटेलाल नावाचा गडी होता, दुसऱ्याच्या सुरुवातीलाही छोटेलालच. छोटेलालवर छोटेलाल ठेवायचा, इतकंच. पण दुकानात दाखल्यांसाठी गर्दी उसळलेली. घाईत रेणूने चेहरा पाहिलाच नाही, बनियनचा पट्टा पट्ट्याला जुळवला. पट्टे काय, सगळ्यांचेच सारखे! सांधा असा बेमालूम बसला की ती स्वतःवरच खूश झाली. सासऱ्यांना एकदा दाखवायचं राहून गेलं आणि फाइल छापायला गेली.

उद्घाटनाच्या दिवशी केशोराव भाषणाला उठले. बोलता बोलता त्यांनी मागे वळून फ्लेक्सकडे पाहिलं आणि बोटाने मोजायला लागले.

"सेवकराम, कबड्डीत गडी किती असतेत?"

"सात. काऊन?"

"मंग हे आठ कायचे?"

रेणूने मोजलं. आठ. छोटेलालच्या खांद्याला खांदा लावून छोटेलाल उभा होता.

"चाळीस वर्षं बोंबलून राहिलो!" केशोराव माइकवर गरजले. "आमी सातही गडी मारले, तरी याईचा एक उरलाच होता! कोणी आयकलं नाही. आज याईनं सोताच छापून आणला!"

कामठ्याच्या मंडळींनी शिट्ट्या वाजवल्या. सेवकरामजींनी सुनेकडे असं पाहिलं, की भर मंडपात थप्पड परवडली असती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटत असतानाच रेणू उठली आणि तिने माइक हातात घेतला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. आवाज कापत होता. "फोटो जोडताना छोटेलालकाका दोनदा आले. खऱ्या फोटोत सातच जण आहेत. मामाजींवर आळ घेऊ नका."

केशोराव विरघळले. "राहू दे पोरी, रडू नोको. मीच उगा संशय घेत राहिलो. सेवकराम, माफ कर गा." त्यांनी हात जोडले.

सेवकरामजींनी उलट हात जोडले नाहीत. ते आपल्या चपलांकडे पाहत होते. तेवढ्यात पहिल्या रांगेतून म्हातारे छोटेलाल काठी टेकत उठले.

"मले नाही पाहवत आता. केशोराव, मी आउट झालो होतो. अंधार पडून राहिला होता, धूळ उडून राहिली होती. सेवकराम मले म्हणे, 'घुस अंदर.' मी घुसलो. तुमचा शेवटचा गडी मीच मारला."

शिट्ट्या थांबल्या. सेवकरामजींनी गळ्यातला हार काढला आणि तो हातात धरून नुसते उभे राहिले. स्वतःची फजिती रेणूने एकवेळ गिळली असती. आता तिला सासऱ्यांकडे पाहवेना.

केशोराव तिच्याजवळ आले. "पोरी, या फोटोची एक प्रत मले देजो."

"नीट करून देते, काकाजी. सात जणांची."

"नोको," केशोराव म्हणाले. "बिलकुल हात लावू नोको."